वाचकांचे प्रश्न : ‘मातृभाषा मराठी’ हे उत्तर खोटे मानावे का?

प्रश्न : मी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी ‘घरची भाषा आणि पहिलीतील मुलांचे वाचन’ या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. घरोघर जाऊन ‘आपली मातृभाषा कोणती?’ असे विचारले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरी ‘मराठी’ हेच उत्तर मिळाले. एका घरी तर आईने ‘मराठी’ असे सांगितले आणि लगेच आत वळून मुलीला हाक मारली, ‘वं पोरी, मॅडमले पानी लई ये!’ लोक खोटे सांगत आहेत असे धरून मी रकान्यात ‘अहिराणी’ लिहिले, तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मात्र ती हाक आपण वहीत टिपून ठेवली असेल, तर फार मोलाचे काम केले आहे. ‘मराठी’ हे उत्तर आणि पाण्याची हाक हे दोन्ही पुरावेच आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. शाळेतल्या बाई हातात कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी प्रमाण मराठीत ‘मातृभाषा’ हा पुस्तकी शब्द उच्चारला, की पालकांना त्या प्रश्नामागे ‘तुमच्या मुलीला शाळेची भाषा येते ना?’ हा दुसराच प्रश्न ऐकू येतो. त्याला त्या माउलीने दिलेले उत्तर खरे आहे. शिवाय अहिराणी ही मराठीचीच बोली, असे मानणारे खानदेशात असंख्य आहेत. त्यांच्या दृष्टीने ‘मराठी’ म्हणण्यात लपवाछपवीचा प्रश्नच येत नाही.

जनगणनेचे आकडे याच दृष्टीने पाहावेत. ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली, ज्यात अहिराणी, डांगी, गुजरी अशा नोंदी एकत्र केल्या जातात, १९९१ साली सुमारे ९ लाख ७४ हजार भाषक होते. २००१ साली तो आकडा २० लाख ७५ हजारांवर गेला आणि २०११ साली १८ लाख ६० हजारांवर उतरला. म्हणजे पहिल्या दशकात ११३ टक्के वाढ आणि दुसऱ्यात १० टक्के घट. एवढी वाढ जन्मांमुळे होत नाही आणि एवढी घट मृत्यूंमुळे होत नाही. बदलते ते लोकांनी सांगितलेले नाव, प्रगणकाने लिहिलेले नाव आणि त्या नावाचे कार्यालयात केलेले वर्गीकरण. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ वर्गीकृत मातृभाषा उरल्या आणि दहा हजारांहून अधिक भाषकांचा निकष लावून त्यांचे १२१ भाषांत एकत्रीकरण झाले. त्यामुळे ‘अहिराणी बोलणारे घटले’ असे विधान केवळ या आकड्यांच्या आधारे आपल्या प्रबंधात करू नये. भाषणांतून ते वारंवार केले जाते, हा भाग निराळा.

वर्गीकरणाचा हा वाद जुनाच आहे. ब्रिटिश काळातील भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ‘खानदेशी’ ही मराठीच्या खंडात नाही, तर १९०७ साली निघालेल्या खंडात भिली भाषांच्या सोबत आहे. हे स्थान काहींना मान्य आहे, काहींना नाही. आपल्या कामासाठी एवढेच लक्षात घ्यावे की ‘भाषा की बोली’ याचा निवाडा त्या ओट्यावर बसलेल्या आईकडून मागू नये.

अशा प्रश्नावर किती काही अवलंबून असते, याची उदाहरणे दूरचीही आहेत. १९५१ च्या जनगणनेत पंजाबात हिंदी की पंजाबी हा वाद इतका पेटला होता, की तेथील हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे वेगळे न देता एकत्रच द्यावे लागले. बेल्जियममध्ये तर भाषिक सीमा या आकड्यांवर ठरू लागल्यावर जनगणनेतून भाषेचा प्रश्नच १९६१ च्या कायद्याने काढून टाकण्यात आला.

आपल्या गावात सीमेचा तंटा नाही, पण प्रतिष्ठेचा आहे. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियल येथे केलेला आणि १९६० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपण अवश्य वाचावा. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या त्याच व्यक्तींचे आवाज एकदा फ्रेंचमध्ये आणि एकदा इंग्रजीत ऐकवले. माणूस एकच आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते. इंग्रजीतला ‘माणूस’ त्यांना अधिक हुशार वाटला आणि तसे वाटणाऱ्यांत स्वतः फ्रेंच भाषकही होते. चाळीसगावच्या एस.टी. स्थानकावर याचे घरगुती रूप मी अनेकदा पाहिले आहे : दोघे बाकावर बसून मनमोकळे अहिराणीत बोलत असतात, मी चष्मा सावरत शेजारी टेकतो आणि त्यांचे पुढचे वाक्य मराठीत येते.

म्हणून आपल्या प्रश्नावलीतला तो एक प्रश्न मोडून त्याचे अनेक प्रश्न करावेत आणि ते शक्यतो अहिराणीतच विचारावेत. आजी नातीशी कोणत्या भाषेत बोलते? शेतात मजुरांशी? किराणा दुकानात? रागावताना? देवापुढे? मुलगी शाळेतून आल्यावर पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलते? प्रश्न विचारायला गावातलीच एखादी बारावी शिकलेली मुलगी मिळाली, तर आपल्यापेक्षा बरी. याचा राग मानू नये. तक्त्यात ‘सांगितलेले नाव’, ‘सांगितलेला वापर’ आणि ‘प्रत्यक्ष ऐकलेला वापर’ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि त्यांतील विसंगती पुसून टाकू नये, कारण आपल्या प्रबंधात सांगण्यासारखे जे आहे ते बहुधा त्या विसंगतीतच आहे.

वाचनाच्या चाचणीबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण खरी मेख तिथे आहे. पुस्तकात ‘पाणी घरात आहे’ असे वाक्य आहे आणि मूल ‘पानी घरमा शे’ असे वाचते. रूढ गुणदानात या तीन चुका. वास्तविक त्या मुलाने अक्षरे ओळखली, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत सांगितला. शेजारचे मूल तेच वाक्य बिनचूक वाचते, पण ‘पाणी कुठे आहे?’ असे विचारले की गप्प बसते, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण. आपल्या चाचणीत हे दोघे एकाच मापाने मोजले गेले, तर ‘अहिराणीमुळे वाचन कच्चे राहते’ हा निष्कर्ष मोजणीतच आधी बसवलेला असेल. उच्चार आणि आकलन यांना वेगळे गुण द्यावेत. तसेच, ज्या घरांत अधिक अहिराणी बोलली जाते त्याच घरांतले पालक कमी शिकलेले असतील किंवा ऊसतोडीसाठी चार-सहा महिने मुलांसह बाहेर जात असतील, तर वाचनातला फरक भाषेचा की बुडलेल्या शाळेचा, हे पालकांचे शिक्षण आणि मुलांची हजेरी नोंदवल्याशिवाय आपल्याला सांगता येणार नाही.

प्रश्न : मी यावल तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. आमच्या घरी लेवागणबोली बोलली जाते. एका सर्वेक्षणासाठी आलेल्या मुलाने ‘खानदेश म्हणजे अहिराणीच’ असे म्हणून तसेच लिहून घेतले. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या लेवागणबोलीतल्या ओव्या अहिराणीत आहेत, असे सांगणारेही भेटतात, तेव्हा तो मुलगा एकटा नाही. यावल-रावेरकडची बोली आणि धुळे-साक्रीकडची अहिराणी यांत ‘आहे’ हा साधा शब्दसुद्धा वेगळा आहे. नंदुरबारकडे गेल्यास मावची, पावरी अशी आणखी निराळी नावे ऐकू येतील. जनगणनेच्या नियमानुसार मातृभाषा म्हणजे बालपणी आईने आपल्याशी बोललेली भाषा, आणि उत्तर देणारा जे नाव सांगेल तेच प्रगणकाने लिहायचे असते. वाद घालण्याचा त्याला अधिकार नाही. आगामी जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला की ‘लेवागणबोली’ असेच सांगावे आणि त्याने काय नोंदवले ते वाचून दाखवायला सांगावे.