चाळिशीच्या आत पाळी गेली आणि शिवाय ओटीपोटात दुखतंय

अगं आधी घाबरू नकोस, पण "वयाचंच आहे" म्हणून सोडूनही देऊ नको. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर एफएसएच (अंडाशय नीट काम करतंय का ते सांगणारं रक्तातलं हार्मोन) बघतात, निदानाबद्दल शंका असेल तर साधारण महिन्याभराने परत बघतात, थायरॉईडही तपासून घे.

अंडाशय लवकर थांबलंय असं निघालं तर इस्ट्रोजेनसारखी बायकांची हार्मोन्स औषध म्हणून देतात. या हार्मोन्सबद्दल सगळे भीती घालतील, कॅन्सर होतो वगैरे, पण ती भीती बरीचशी पन्नाशीनंतर गोळ्या घेणाऱ्या बायकांवरच्या अभ्यासातून आलीये, तुझं शरीर या वयात जे बनवायला हवं होतं तेच तू परत देतेयस, म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत घ्यायला सांगतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयालाही धोका वाढतो. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन नाही हं, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल तर गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या पॅच किंवा जेलबद्दल डॉक्टरांना विचार.

आता दुखणं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे काहीच नाही असं नसतं, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) त्यात बऱ्याचदा दिसतच नाही, आणि तो असेल तर इस्ट्रोजेनने परत डोकं वर काढू शकतो, त्यामुळे दुखणं हार्मोन्सच्या आधीपासूनचं की नंतरचं हे डॉक्टरांना नक्की सांग. वहीत लिहून ठेव: कधी, कुठे, लघवी भरल्यावर की शी करताना, संबंधांच्या वेळी की नुसतं बसून. कधीकधी ओटीपोटाचे स्नायूच आखडलेले असतात, त्याची फिजिओथेरपी असते, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. वर्षभर पाळी नसताना अचानक रक्त गेलं तर लगेच दाखव.