डेटा तेवढाच, तरी पोस्टग्रेसचा डेटाबेस रोज का फुगतो?

नोंदी वाढत नाहीत, जुन्या डिलीटही केल्या, तरी डिस्क भरतेय आणि मोठी डिस्क घ्यायचा सल्ला मिळालाय, असं तुम्ही लिहिलंय. घेऊ नका. ह्याच सल्ल्यावरून एका शेठच्या भाच्याशी माझं वाजलं होतं.

शेठची जिनिंग जळगाव जिल्ह्यात, काट्याचं सॉफ्टवेअर माझं. वजनकाटे चार, म्हणून टेबलात ओळीही चारच. पण प्रत्येक काटा सेकंदाला पाचदा आपली ओळ अपडेट करायचा. पोस्टग्रेस जुनी ओळ जागच्या जागी बदलत नाही, नवी प्रत लिहितं; जुनी मेलेली ओळ म्हणून पडून राहते. दिवसाला सतरा लाखांवर मेलेल्या ओळी! ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा आपोआप चालणारा झाडूवाला, त्या झाडत होता, तोवर सगळं सुरळीत.

दिवाळीनंतर ऐन हंगामात गेटबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि स्क्रीनवर वजन उमटता उमटेना. काटेवाला ओरडला, "काय करी राहिना रे भाऊ तुना कॉम्प्युटर?" बघतो तर चार ओळींचं टेबल चार जीबीचं. भाच्याचा पुण्याहून फोन: ऑटोव्हॅक्यूम बंद करा, सर्व्हर नवा घ्या.

कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत चोर सापडला. मुनीमजींनी धनत्रयोदशीच्या आधी एका शेतकऱ्याच्या नावातली चूक सुधारली होती. ऑटोकमिट बंद, कमिट (बदल पक्का करणं) राहिलं, स्क्रीनवरची खिडकी तशीच उघडी. तीन आठवडे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार अर्धवट उघडा ठेवून नुसतं बसलेलं! ते सुटेपर्यंत नंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूमला उचलता येत नाही. एरवी लाईट जाऊन कनेक्शन कधीच तुटलं असतं, पण इन्व्हर्टर मीच बसवायला लावला होता.

कनेक्शन मारलं, रात्री काटा थांबवून व्हॅक्यूम फुल चालवला. टेबल पुन्हा काही केबीचं. मग असं नुसतं बसलेलं कनेक्शन ठरावीक वेळाने आपोआप तोडणारा आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआऊट लावला, पोस्टग्रेस 9.6 पासून ही सोय आहे. ऑटोव्हॅक्यूम बंद करा म्हणणाऱ्याला डेटाबेसजवळ फिरकू देऊ नये. शेठने सर्व्हर घेतलाच. भाच्याने आणून दिला.

तुमच्या डिलीटचं म्हणाल तर साधा व्हॅक्यूम ती जागा नव्या ओळींसाठी मोकळी करतो, डिस्कला सहसा परत देत नाही. व्हॅक्यूम फुल देतो, पण टेबल पूर्ण लॉक करतो आणि नवी प्रत लिहायला तेवढी जागा मागतो. डिस्क काठोकाठ असेल तर लगेच चालवू नका. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: फुगलंय ते टेबलच की बदलांची नोंदवही ठेवणारं पीजी_वाल फोल्डर, ते पाहा. फोल्डर फुगलं असेल तर तिथे बहुधा बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीचा) स्लॉट अडकलेला असतो, तो तिच्यासाठी जुन्या नोंदी धरून ठेवतो.