आधी मोजा, मग घाबरा

तुमच्या पत्रात प्रश्न पाच आहेत, पण तुमची झोप उडवणारा एकच आहे आणि तो तुम्ही मध्येच कुठेतरी दडवलाय. "डेकेअरच्या टीचरनी पंचवीस वाक्यांचा एक फॉर्म आमच्याकडून भरून घेतला, एक स्वतः भरला. दोन्ही शेजारी ठेवले तर दोन वेगळी मुलं वाटतात. त्यांच्या फॉर्मवर आमचा साडेतीन वर्षांचा मुलगा मारामारी करतो. ताई, घरी तो असा नाहीये हो. त्यांना आमच्याबद्दल काही आकस असेल का?"

असूही शकेल. परदेशात राहून तसला अनुभव एकदाही आला नाही, असं आपल्यापैकी कोण म्हणेल? पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा, पहिल्या झटक्यात नाही.

वर्णनावरून हा फॉर्म रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांचा दिसतो. १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर असं त्याचं लांबलचक नाव. वाक्यं २५, पाच-पाचांचे पाच गट, प्रत्येक उत्तराला ०, १ किंवा २ गुण. भावनिक त्रास, वागणुकीच्या तक्रारी, चंचलपणा आणि सवंगड्यांशी न जमणं या चार गटांची बेरीज ४० पर्यंत जाते. पाचवा गट चांगुलपणाचा: दुसऱ्याला लागलं तर धावणं, वाटून घेणं, लहानांशी मायेनं वागणं. त्याचे १० गुण वेगळे ठेवतात, त्या बेरजेत मिसळत नाहीत. कारण मारणं आणि मदत करणं ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. एकच मूल दोन्ही भरपूर करू शकतं. माझा धाकटा याचा चालताबोलता पुरावा होता. चुलतभावाला कडकडून चावायचा आणि तो रडायला लागला की स्वतःचं लाडकं पांघरूण त्याच्या अंगावर नेऊन टाकायचा. त्याला एकच गुण द्यायचा म्हटलं तर काय देणार?

आता थोडं रागावते. तुम्हीच लिहिता, "आम्ही दोघांनी बसून सगळीकडे चांगलंच लिहिलं, उगाच फाइल खराब नको." अहो, ही काय व्हिसाची मुलाखत आहे? तो फॉर्म मुलाला पास-नापास करत नाही, रोगाचं निदानही करत नाही. कुठे जरा नीट बघायला हवं, एवढंच सांगतो. त्यात तुम्ही रंगसफेदी केलीत, मग टीचरच्या फॉर्मशी तो जुळणार कसा?

अर्थात खरं लिहिलं असतंत तरी पूर्ण जुळला नसताच. थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. आई आणि बाबा अशा एकाच भूमिकेतल्या दोघांच्या उत्तरांचा मेळ ०.६० च्या आसपास निघाला. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्यांचा जेमतेम ०.२८. (पूर्ण मेळ म्हणजे १.) यात कुणी खोटं बोलत नव्हतं. घरी एका ट्रकला फार तर दोन दावेदार, तिथे अख्खा वर्ग. शिवाय तिथे "माझी पाळी आहे" हे सांगायला त्याच्याकडे अजून त्यांची भाषा नाही, हात मात्र आहेत.

तेव्हा माझं नेहमीचं तुणतुणं: वही घ्या. मोबाइलमध्ये नको, वहीतच. "आज फार चिडका होता" असलं काही लिहायचं नाही, ते तुमचं मत झालं. हाताने काय केलं ते लिहा, त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं तेही. असं:

"५.४०. बहिणीने ट्रक उचलला. त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं. ती रडली. मी ट्रक त्याच्या हातात दिला."

शेवटचं वाक्य परत वाचा. ढकललं आणि ट्रक मिळाला! वही नसती तर हे दिसलं असतं का?

त्याच पानावर हेही यायला हवं: "६.१०. बहिणीचा मोजा सापडेना. न सांगता पलंगाखालून काढून दिला. कुणाचं लक्ष नव्हतं." वेळ ठरवून घ्या, रोज संध्याकाळचा तोच अर्धा तास, काही घडो न घडो. आरडाओरडा झाला की वहीकडे धावलात, तर वहीत फक्त आरडाओरडाच सापडेल. आणि दोघांनी वेगवेगळं लिहा. आमच्याकडे मी जिथे "मारामारी" लिहायची तिथे नवरा "मस्ती" लिहायचा, आणि त्यावरून आमचीच जुंपायची. मग नियम ठरला: चेहरे हसरे आहेत, आलटून पालटून पडतायत आणि संपल्यावर पुन्हा एकत्र खेळतायत, तर ती मस्ती. वर्गात बसून निरीक्षण करणारे अभ्यासकही याच खुणा बघतात.

माझं खूळ वाटत असेल तर सांगते, फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ च्या आपल्या अभ्यासात आयांकडूनच मुलांच्या रागाच्या झटक्यांच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. जेवणाच्या आधी, भुकेल्या आणि थकल्या वेळी झटके जास्त, हे त्या नोंदींतून पुढे आलं. हेलन डॉ यांनी बालवाडीतल्या मुलांची २०० भांडणं टिपून १९३४ मध्ये मांडली. सरासरी भांडण अर्ध्या मिनिटाच्या आतच आटोपत होतं, आणि बहुतेक भांडणं मुलांनी आपसातच मिटवली होती. आपण खुर्चीतून उठेपर्यंत!

"हे शिकला कुठून?" असं तुमच्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात म्हणे. कुठूनच नाही. रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी कॅनडात वर्षानुवर्षं मुलांचा माग काढला. मारणं, ढकलणं साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि पुढे बहुतेकांत उतरत जातं. मुलं शिकतात ते न मारणं. "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं" यावर त्यांना त्यांच्या लेकाचं चौथं वर्ष आठवायला सांगा. माझ्या सासूबाईंना मी सांगितलं होतं, पुढे तो विषय निघाला नाही.

बाकीचं पटापट. घरी मराठी बंद करू का? मुळीच नाही, तिथली चार उपयोगी वाक्यं शिकवा, बस. कराटे? साडेतीन वर्षांचा आहे हो तो! कार्टून कमी करा, हरकत नाही, पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांच्या १९६१ च्या प्रयोगात मुलांनी बाहुलीला मारायची नक्कल केली ती समोरच्या मोठ्या माणसाची. तेव्हा "का मारलंस?" म्हणत धपाटा घालणं आधी थांबवा.

आणि पाच वर्षांच्या लेकीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, "तिची काळजी नाही, ती हात उगारत नाही, फार तर मैत्रिणीला म्हणते, तुला वाढदिवसाला बोलावणार नाही." निकी क्रिक यांनी १९९७ मध्ये बालवाडीतल्या मुलांसाठी मोजपट्टी केली, त्यात हे वाक्य आक्रमकतेतच मोजलंय. कुणाला खेळातून वगळणं, मैत्री तोडायची धमकी देणं, हे हाताला लागत नाही म्हणून आईला दिसत नाही. तिचंही पान त्या वहीत उघडा.

तीन-चार आठवडे झाले की वही घेऊन टीचरना भेटा. "आमचा मुलगा असा नाही" हे वाक्य घरी ठेवून जा. कोणत्या वेळी, कुणाबरोबर, आधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं, एवढंच विचारा. घरी आणि तिथे दोन्हीकडे इजा होईल असं मारत असेल आणि काही महिन्यांत कमी होत नसेल, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवा. त्यातही वहीच कामी येईल. आणि तो फॉर्म पुन्हा मागून घ्या. या वेळी दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरा.