घरगुती उपायांनाही पुरावा नाही, मग गोळीलाच नकार का?

तुमच्या घरात विषाणूजन्य ताप आहे. एकजण आयव्हरमेक्टिन सुरू करा म्हणतो, दुसरा म्हणतो गुळण्या, वाफ आणि मध पुरेसं आहे. त्यावर तुम्ही विचारलंय की पुरावा दोन्हीकडे नसेल तर नकार फक्त गोळीलाच का? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गोळी आणि घरगुती उपाय यांच्याकडून आपण एकच गोष्ट मागत नाही. मिठाच्या पाण्याने गुळण्या करताना विषाणू मरावा अशी अपेक्षा नसते. घसा थोडा वेळ शांत झाला तरी झालं. गोळी मात्र आजारच रोखते असं सांगितलं जातं, आणि त्यासाठी शरीराला दुष्परिणामांची जोखीम घ्यावी लागते. ज्याचा दावा मोठा आणि धोकाही मोठा, त्याने पुरावाही तसाच भक्कम द्यायला हवा.

आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं उत्तम औषध आहे. २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याने कोविडचा विषाणू रोखला आणि बातमी पसरली. पण तिथे वापरलेली मात्रा इतकी जास्त होती की नेहमीच्या डोसने रक्तात तेवढं औषध पोचतच नाही. पुढे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत, उदाहरणार्थ ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत, रुग्णालयात जाण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालेलं दिसलं नाही.

मलेरियावरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचंही तेच. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये ते कोविडवर वापरायला आणीबाणीतली परवानगी दिली आणि जूनमध्ये काढून घेतली. रुग्णालयातल्या कोविड रुग्णांवर झालेल्या ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू औषध घेणाऱ्यांत २७ टक्के आणि न घेणाऱ्यांत २५ टक्के होते, म्हणजे फायदा शून्य. शिवाय ते हृदयाची लय बिघडवू शकतं, अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही बिघडवू शकतं, आणि लोक दोन्ही एकत्र घेत होते.

‘पण अमक्याला गुण आला’ हे खरंच असतं. माणूस गोळी घेतो ती ताप सगळ्यात जास्त असताना, आणि बहुतेक विषाणूजन्य ताप त्यानंतर आपोआप उतरणारच असतो. श्रेय मात्र गोळीला जातं. म्हणून न घेणाऱ्यांशी तुलना लागतेच.

याच ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड जीव वाचवतं हेही दाखवलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. तरीही घरी तापाच्या दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड घेणारे लोक आहेत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. काम करणारं औषधसुद्धा चुकीच्या वेळी घातक ठरतं.

आता घरगुती बाजू. मधाने खोकला कमी होतो याला बऱ्यापैकी आधार आहे, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका; बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. वाफेचा खात्रीशीर फायदा चाचण्यांत दिसलेला नाही आणि उकळत्या पाण्याने मुलं भाजतात, तेव्हा मुलांच्या बाबतीत ती सोडाच. भरपूर पाणी आणि विश्रांती हवीच. तापाला पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, म्हणून वेष्टन वाचा. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको, आणि डेंग्यूची शंका असेल तर कोणालाच अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको.

‘घरीच बरं होतं’ म्हणणाऱ्यांशीही मी पूर्ण सहमत नाही. काही विषाणूंवर सिद्ध झालेली औषधं आहेत. फ्लूवरचं ओसेल्टामिविर लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. घरात वयस्कर माणूस, गरोदर स्त्री किंवा दमा, मधुमेह असलेलं कोणी आजारी असेल तर काढ्यावर दोन दिवस घालवू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी खूप कमी होणं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं यांपैकी काहीही दिसलं तर कोणाच्याही बाबतीत थांबू नका.

आणि आयव्हरमेक्टिन आधीच सुरू केलं असेल तर संकोच न करता डॉक्टरांना नाव, डोस आणि सोबतची इतर औषधं सांगा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर हे आजच सांगा.