अग्निरोधक रसायनांमुळे पेशींची ऊर्जानिर्मिती कशी बिघडते?

सोफ्यातला फोम, टीव्हीचं प्लास्टिक यांनी पटकन पेट घेऊ नये म्हणून अनेक वर्षं त्यांत पीबीडीई ही ब्रोमीनयुक्त रसायनं मिसळली गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या नियमामुळे तर फर्निचरच्या फोममध्ये त्यांचा भरपूर वापर झाला. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. हळूहळू सुटून घरातल्या धुळीत येतात आणि शरीरातल्या चरबीत साठतात.

आता मूळ प्रश्न. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी सूक्ष्म केंद्रं. त्यांच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन, म्हणजे धनभारित सूक्ष्म कण, साठवले जातात, धरणात पाणी अडवावं तसे. ते एका प्रथिनातून परत येताना टर्बाइनसारखं चक्र फिरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांना बीडीई-४९ या पीबीडीईच्या एका प्रकाराचे दोन परिणाम दिसले. अगदी कमी मात्रेतही धरण गळू लागतं: ऑक्सिजन खर्च होतो, पण एटीपी कमी बनतं. मात्रा वाढली की टर्बाइनच मंदावतं. हे प्रयोग पेशींवरचे आहेत, माणसांवरचे नाहीत, हे लक्षात ठेवा. तरीही मला काळजी वाटते ती लहान मुलांची, कारण मेंदूला ऊर्जा सतत लागते आणि रांगणारं बाळ धुळीचे हात तोंडात घालतं.

स्टॉकहोम करार या घातक, टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बंदीच्या यादीत काही पीबीडीई २००९ मध्ये आणि डेकाबीडीई हा त्यांचाच प्रकार २०१७ मध्ये आला, पण जुन्या वस्तू घराघरांत आहेत. फोम भुगा होऊन गळत असेल तर तो काढा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा.