खासदार दिलीप गांधी यांनी संसदेत तंबाखूबाबत नेमकं काय केलं होतं?

नगरचे भाजप खासदार दिलीप गांधी लोकसभेच्या अधीनस्थ विधानविषयक समितीचे अध्यक्ष होते. नाव अगदी रुक्ष, पण सरकारी नियम तपासणं हेच तिचं काम.

तेव्हा तंबाखूच्या पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूवर, तिच्या ४० टक्के जागेत, आरोग्याचा इशारा असायचा. तो १ एप्रिल २०१५ पासून दोन्ही बाजूंवर ८५ टक्के होणार होता. त्यांच्या समितीने हा बदल लांबणीवर टाकायला सांगितलं आणि तो लांबलाही. त्यातच गांधी म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर मुक्काम टाकलेले नातेवाईक ज्यांनी पाहिलेत, त्यांना यावर काय वाटलं असेल! आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. शिवाय समितीत श्यामाचरण गुप्ता हे स्वतः बिडी उद्योजक असलेले खासदार. हितसंबंधांचा प्रश्न गाजला तो इथेच.

२०१६ मध्ये समितीने ५० टक्क्यांची शिफारस केली. सरकारने ती बाजूला ठेवून १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्केच लागू केले. टपरीवर टांगलेल्या पुडीवरचं ते भलंमोठं चित्र तेव्हापासूनचं.