व्हीगन होऊन पर्यावरणाला खरंच फरक पडतो का? आणि वाद घालून कोणी बदलतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मित्राशी यावरून वाजलंय आणि त्याला गप्प करतील असे मुद्दे हवेत. देते, पण आधी मी माझेच मुद्दे कसे मातीत घातले ते ऐका, कारण प्रश्न वाचल्या वाचल्या मला माझे दाजी आठवले.

सहा वर्षांपूर्वी मी व्हीगन झाले, म्हणजे मांस, अंडी, दूध असं जनावरांकडून येणारं सगळं सोडलं. प्राण्यांच्या दयेपोटी वगैरे नाही, हवामानाचं टेन्शन आलं होतं म्हणून. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे दोन वर्षं चालले. लोक जेवायला बसले की माझं सुरू. एकदा ताई आणि दाजी घरी आले होते. दाजी ऑडिटमध्ये आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या आकड्यात चूक सापडली की त्यांना जेवण गोड लागतं. मी ठणकावून सांगितलं की जगातल्या हरितगृह वायूंपैकी ५१ टक्के एकट्या पशुपालनातून येतात. दाजींनी हात पुसले, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, फोन काढला आणि पाच मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे २००९ च्या एका लेखातलं आहे, आणि यात जनावरांचा श्वाससुद्धा धरलाय. म्हणजे गाय जिवंत आहे हाच तिचा गुन्हा का गं?"

सगळे हसले, ताई सगळ्यात जास्त. जनावर श्वासातून जो कार्बन सोडतं तो चाऱ्यातून आलेला, आणि चाऱ्याने तो हवेतूनच घेतलेला, त्यामुळे तो असा सरळ बेरजेत धरत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि तोपर्यंत तो आकडा मी दिसेल तिथे पेस्ट करून झाला होता.

मग मी अभ्यासाला लागले, निव्वळ रागाने. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, तिचे रिपोर्ट काढले. २००६ साली १८ टक्के, २०१३ साली १४.५. पुढच्या भेटीत हे सांगितलं तर दाजी नुसते हसले. २०२३ च्या शेवटी नवा रिपोर्ट आला, १२ टक्के, तर त्यांनी आपणहून फोन केला, "उतरतोय की आकडा! मी थांबतो थोडा, शून्य झाला की कळव."

तर पहिला मुद्दा हा घ्या, मित्र हेच म्हणणार आहे. आकडा उतरला म्हणजे गाईंनी ढेकर देणं कमी केलं असं नाही (हो, ढेकरच, गाईंचा हरितगृह वायू म्हणजे मिथेन, तो बहुतेक सगळा तोंडातून बाहेर पडतो, लोक उगाच मागच्या बाजूवर विनोद करतात). मोजायची पद्धत बदलली, आधाराचं वर्ष बदललं. आणि २००६ च्या रिपोर्टमधली "सगळ्या गाड्या-विमानांपेक्षा जास्त" ही तुलना चुकूनही वापरू नका. त्यात जनावरांचं चाऱ्यापासून ताटापर्यंतचं सगळं मोजलं होतं आणि गाड्यांचा फक्त धूर. मी वापरली होती. दाजींनी पकडली.

खरं तर माझ्याकडे टक्केवारीपेक्षा कितीतरी भक्कम गोष्ट होती आणि ती मी त्या टेबलावर कधी बोललेच नाही, ती म्हणजे जमीन. पूअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांचा २०१८ चा अभ्यास आहे, ११९ देशांतली ३८ हजारांच्या वर शेतं धरून केलेला. त्यात सरळ दिसतं की मांस, दूध, अंडी, पाळलेले मासे यांना शेतीची ८३ टक्के जमीन लागते आणि त्यातून माणसाला मिळतात १८ टक्के कॅलरी आणि ३७ टक्के प्रोटीन. हे सगळं खाणं सोडलं तर अन्नासाठी लागणारी जमीन ७६ टक्क्यांनी कमी होते. १०० ग्रॅम प्रोटीनसाठी मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे वायू सोडतं, वाटाणा अर्धा किलोसुद्धा नाही. लांबून आणण्यात जे जातं ते सगळ्या अन्नाच्या वायूंपैकी साधारण ६ टक्केच, म्हणून "मी जवळचंच मांस घेतो" याला फार अर्थ नाही. आणि मित्र सोयाबीनवर आला, की तुमच्या टोफूपायी जंगलं जातात वगैरे, तर जगातलं जवळजवळ तीन चतुर्थांश सोयाबीन जनावरांच्याच पोटात जातं हे सांगा. तर हो, फरक पडतो. मिथेन हवेत बाराएक वर्षंच टिकतो, म्हणून तो कमी केला की परिणाम लवकर दिसतो, हेही त्यातच धरा.

पण एवढं सांगून मित्र गप्प बसेल? छे. ताई कधी बसली? तिने मला बदामाच्या दुधावरून धरलं, किती पाणी पितं म्हणे ते. मीही लगेच, लिटरला ३७० लिटरच्या आसपास, आणि गाईच्या दुधाला ६३० च्या आसपास. तिने ऐकलं, उठली, दाराशी गेली आणि माझा बूट टाचेला धरून उचलून आणला. चामड्याचा. टाच एका बाजूने झिजलेली, आतला शिक्का पुसलेला, व्हीगन व्हायच्या आधीचा. टेबलाच्या कडेला धरून म्हणाली, "आणि हा कोण? वाटाणा?"

मी ते बूट दुसऱ्या दिवशी टाकून दिले. आयुष्यातल्या मूर्ख निर्णयांपैकी एक. चांगले दोन वर्षं चालले असते, आणि त्यांच्या जागी जे प्लास्टिकचे आणले त्यांची सहा महिन्यांत सालं निघाली. याचा कुठल्या गाईला काय फायदा झाला ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की व्हीगन लोकांमधला हा सोवळेपणा चळवळीचं जेवढं नुकसान करतो तेवढं मांसाच्या जाहिराती करत नसतील. निम्मं कमी केलेल्या माणसाला ढोंगी म्हणायचं आणि मग आपण इतके थोडेच का म्हणून रडायचं.

आता दाजींचं शेवटचं अस्त्र, तुमचा मित्रही इथेच येईल. "एकट्याने काय होतं? कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यापायी किती वायू हवेत जातात त्याचा हिशेब, हा शब्द घरोघरी कोणी नेला? बीपी, तेलाची कंपनी! तुम्ही आपलं ताट मोजत बसा, ते तेल काढत बसतात. ओझोनचं बघ. लोकांनी फ्रिज सोडले का? १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, गॅस बदलला, संपलं." मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू.

उत्तर दोन वर्षांनी भांडी घासताना सुचलं, आता इथे लिहिते. दाजी, १९८७ च्या आधीचं बघा ना. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं की सीएफसीने, म्हणजे फ्रिज आणि स्प्रेमधल्या गॅसने, ओझोन जातोय, आणि अमेरिकेत लोकांनी कायद्याची वाट न बघता स्प्रेचे डबे घेणं कमी केलं, इतकं की कंपन्याच सीएफसीशिवाय डबे काढायला लागल्या, आणि मग १९७८ साली सरकारने स्प्रेमधल्या सीएफसीवर बंदी आणली. फ्रिजचं तुमचं बरोबर, तो गॅस कायद्यानेच गेला. पण कायदा करणाऱ्याला आधी दिसावं लागतं की लोक याशिवाय जगतात. आणि दुसरं, "सिस्टिम बदलायला हवी" म्हणणारे तुम्ही त्या सिस्टिमला एक पत्र तरी लिहिलंत का? नाही ना? मग तो मुद्दा नव्हता, ती पळवाट होती.

वाद घालून बदललेली माणसं मात्र माझ्या खात्यात शून्य आहेत. ताई गेल्या वर्षी दहा दिवस राहायला आली होती, मला ऑफिसमुळे बोलायलाही वेळ नव्हता, फ्रिजमध्ये सोयाचंच दूध होतं, पहिले दोन दिवस कॉफी पिताना तोंड वाकडं केलं आणि मग प्यायली. परत गेल्यावर तिच्या घरी गाईचं दूध निम्म्यावर आलं. "तुझ्यामुळे नाही हं, पोटाला बरं वाटतं म्हणून." केंब्रिज विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये हेच करून पाहिलंय, २०१९ साली छापून आलं होतं. चारातला एक पर्याय बिनमांसाचा असायचा तिथे दोन ठेवले तर त्या जेवणांची विक्री ४० ते ८० टक्क्यांनी वाढली, कोणालाही भाषण न देता. मित्राला घरी जेवायला बोलवा एवढंच सुचवेन. जेवताना विषय काढू नका.

आणि हो, व्हिटॅमिन बी१२ ची गोळी घ्या, त्याला पर्याय नाही. वरचे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत, शेतागणिक प्रचंड बदलतात. शेतीच्या जमिनीतला दोन तृतीयांश भाग कुरणांचा आहे, त्यात बऱ्याच ठिकाणी दुसरं काही पिकतच नाही, तिथे गुरं चारून जगणाऱ्या माणसाला माझं हे उत्तर वाचून दाखवू नका. हे खरं तर मी वरच लिहायला हवं होतं.

१९७८ चं दाजींना अजून सांगितलेलं नाही. ताईने जेवणाच्या टेबलावर टक्केवारी बोलायला बंदी घातली आहे, दोघांनाही.